पेडल ‘मऊ’ लागतंय म्हणजे नक्की काय?

भाकरी मऊ असावी, गोधडी मऊ असावी, जुनं सुती लुगडं तर धुऊन धुऊन मऊ झालेलंच बरं. मराठीत हा शब्द सहसा कौतुकानेच येतो. गाडीच्या ब्रेकबद्दल तो ऐकला की मात्र गॅरेजवाला हातातला चहा खाली ठेवतो. पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क बसल्या, मोठे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे, बसले, नवे पॅड, स्टीलच्या जाळीचे होज, सगळं झालं. चाकं आवळली, गाडी स्टँडवरून उतरली आणि पहिल्यांदा पाय ठेवला तर पेडल पूर्वीपेक्षा खाली. पैसे गेले, कॅलिपरचा लाल रंग झकास दिसतोय, आणि ब्रेक आधी होता त्याहून वाईट.

पहिला अंदाज ठरलेला असतो: हवा राहिली. मग एकजण आत बसून पंप मारतो, दुसरा चाकाशी वाकून निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा बोल्ट, सोडतो, अर्धा लिटर ब्रेक ऑइल संपतं, पेडल तसंच. आणखी अर्धा लिटर येतं. हा अंदाज चुकीचा असतो असं नाही, हवा हेच कारण सर्वांत जास्त वेळा निघतं. अडचण ‘मऊ’ या शब्दाची आहे. त्यात निदान चार निरनिराळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात, आणि हवा काढण्याने त्यातली जेमतेम दीड बरी होते. म्हणून निपलला पाना लावण्याआधी दहा मिनिटं नुसत्या पायाला द्यावीत.

इंजिन बंद ठेवायचं. पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम संपवायचा, म्हणजे पायाला जे लागेल ते थेट ऑइलकडून येईल. आता सावकाश दाबा. पेडल बरंच खाली जातं, पण जिथे लागतं तिथे दगडासारखं टणक, आणि लागोपाठ दोनदा झटकन मारलं की वर येऊन तिथेच टणक लागतं: हे मऊ पेडल नव्हे, लांब पेडल. यात हवा नसते, कुठेतरी पॅड आणि डिस्क किंवा, ड्रम ब्रेक असेल तर, शू आणि ड्रम यांच्यात फट जास्त असते. दुसऱ्या प्रकारात टणक जागा सापडतच नाही. कमी हवेच्या सायकलच्या टायरवर अंगठा दाबावा तसं पेडल लवत जातं, पंप मारल्यावर वर येतं पण तरीही लवतंच. इथे हवा तरी आहे, नाहीतर काहीतरी वाकतंय किंवा फुगतंय. तिसऱ्यात पेडल योग्य उंचीवर लागतं, पण पाय तसाच दाबून धरला की मिनिटभरात हळूहळू जमिनीकडे बसायला लागतं. ऑइल कुठूनतरी निसटतंय, बाहेर किंवा आतल्या आत. चौथा प्रकार गॅरेजमध्ये दिसतच नाही. गार असताना पेडल उत्तम, आणि घाट अर्धा उतरल्यावर पायाखालून गायब.

पाचवा प्रकार खोटा असतो. पेडल दाबून धरून इंजिन सुरू केलं की ते बोटभर खाली सरकतं. हा बूस्टर जागा झाल्याचा पुरावा आहे, दोष नव्हे. उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, पायातला सगळा जोर लावून ‘बसतंय, बसतंय’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एवढंच जाणवलेलं असतं.

आता थोडा हिशोब. तो न करता मोठे कॅलिपर बसवले जातात, म्हणून नंतर नेमकी कशाची काळजी करायची तेच कळत नाही. समजा, कंपनीचा पुढचा कॅलिपर ४८ मिमी पिस्टनचा होता आणि नवा ५४ मिमीचा आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ १८१० चौरस मिमीवरून २२९० वर गेलं, म्हणजे साधारण २६ टक्के जास्त. पॅड डिस्कला टेकेपर्यंत पिस्टन अर्धा मिमी सरकतो असं धरू. जुन्या जोडीला, डावा-उजवा मिळून, १८१० घन मिमी ऑइल लागायचं, नव्या जोडीला २२९० लागेल. मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचा, बोअर (आतला व्यास) २०.६४ मिमी, म्हणजे इंचाचे तेरा सोळांश, असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३३५ चौरस मिमी. पूर्वी तो ५.४ मिमी सरकत होता, आता ६.८ मिमी सरकेल. पेडलची तरफ ४ ला १ धरली तर पायाखालचा प्रवास साडेएकवीसवरून साडेसत्तावीस मिमी झाला. फरक सहा मिमीचा.

हा सहाचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पेडल सहा-सात मिमी खाली गेलं असेल तर ती कॅलिपर वाढवल्याची किंमत आहे आणि कितीही ऑइल ओतलं तरी ती वसूल होणार नाही. पेडल चाळीस मिमी खाली गेलं असेल तर त्यातले सहा हिशोबाचे, उरलेले चौतीस दोषाचे. शोधायचंय ते चौतीस.

चार पिस्टनच्या फिक्स्ड, म्हणजे जागेवरून न सरकणाऱ्या, कॅलिपरच्या बाबतीत हा हिशोब हमखास चुकतो, कारण लोक चारही पिस्टनचं क्षेत्रफळ बेरजेला घेतात आणि हादरतात. सरकत्या कॅलिपरमधला एकच पिस्टन दोन्ही पॅडच्या फटी भरून काढतो. फिक्स्डमध्ये प्रत्येक बाजूचे पिस्टन आपापलीच फट भरतात. म्हणून तुलना एका बाजूच्या पिस्टनशी करायची. ३८ मिमीचे दोन पिस्टन म्हणजे सुमारे २२६८ चौरस मिमी, अर्थात आपल्या ५४ मिमीच्या एकुलत्या पिस्टनएवढंच.

ते सहा मिमीही नको असतील तर मास्टर सिलिंडर मोठा घ्यावा लागतो. २२.२२ मिमीचा, म्हणजे सात अष्टमांश इंचाचा बसवला तर प्रवास साडेतेवीसवर येतो. पण त्याच पायाच्या जोरात ऑइलचा दाब १४ टक्क्यांनी घटतो. पेडल छान उंच आणि टणक लागतं, गाडी थांबवायला मात्र जास्त रेटावं लागतं. मास्टर सिलिंडर वाढवून ‘ब्रेक सुधारले’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सुधारतं ते पेडल. आणि खरं म्हणजे एका जोरदार ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल हे शेवटी टायर ठरवतो. मोठ्या डिस्कचं काम उष्णता पचवण्याचं.

हवेचाही हिशोब होतो, आणि तो जास्त डोळे उघडणारा आहे. एक मिली हवा, म्हणजे वीसेक थेंब, ओळीत (ऑइलच्या नळ्यांत) अडकली तर ब्रेकच्या दाबाखाली ती जवळपास नाहीशी होण्याइतकी आक्रसते. ती जागा भरायला मास्टर सिलिंडरला तीन मिमी जादा सरकावं लागतं, म्हणजे पेडलला बारा. तीन मिली हवा राहिली तर पेडल छत्तीस मिमी खाली. एवढी हवा नव्या कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात आरामात बसते.

ती तिथेच का राहते, याचं सर्वांत साधं उत्तर बहुतेक वेळा सर्वांत शेवटी तपासलं जातं: कॅलिपर उलटसुलट बसलेत. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. बोल्ट बसतात, होज पोचतो, पॅड लागतात, सगळं व्यवस्थित दिसतं. फक्त हवा काढायचं निपल वर असायचं ते खाली आलेलं असतं. हवा वर जमते, निपलमधून स्वच्छ, एकही बुडबुडा नसलेलं ऑइल येत राहतं, आणि माणसाला वाटतं हवा संपली. चाक काढून एकदा नुसतं बघावं: निपल कॅलिपरच्या पोकळीच्या अगदी वरच्या टोकाला आहे का? दुसऱ्या मॉडेलचा कॅलिपर ब्रॅकेट करून बसवला असेल तर तो काही अंश फिरलेला असू शकतो, आणि तेवढ्यानेही वर एक खिसा उरतो. अशा वेळी कॅलिपर सोडवून, दोन पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी फळी घट्ट धरून, निपल आकाशाकडे करून हवा काढायची आणि मग कॅलिपर जागेवर लावायचा. फळी विसरलात तर पंप मारता मारता पिस्टन बाहेर येऊन पायावर पडेल. फिक्स्ड कॅलिपरला बऱ्याचदा आत आणि बाहेर अशी दोन निपल असतात. दोन्हींतून हवा काढावी लागते.

हवा काढण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे असं गृहीत धरलं जातं, आणि तिथेच अर्धी कामं बिघडतात. निपलवर बसणारी पाच-सहा मिमीची पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. निपलला षटकोनी रिंग पाना, बहुतेकदा आठ किंवा दहा नंबरचा. उघड्या तोंडाच्या पान्याने निपलचे कोन गोल होतात आणि मग वेगळंच काम वाढतं. आतला माणूस दाबतो आणि ‘धरलं’ म्हणतो, बाहेरचा पाव फेरा सोडतो, ऑइल येतं, तो बंद करतो आणि मगच ‘सोड’ म्हणतो. हा क्रम एकदा जरी उलटला तर निपलच्या आट्यांतून हवा परत आत ओढली जाते. टाकीतली पातळी दर पाच-सहा दाबांनी बघायची. ती एकदा रिकामी झाली की हवा थेट मास्टर सिलिंडरमध्ये, आणि तासाभराचं काम पुन्हा पहिल्यापासून. रिकामे नवे कॅलिपर भरून पूर्ण ओळ धुवायची असेल तर एक लिटर ऑइल हाताशी ठेवावं. अर्ध्या लिटरवर सुरू केलेलं काम हमखास तिसऱ्या चाकावर अडतं.

कुठल्या चाकापासून सुरुवात करायची? इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ मागच्या उजव्यापासून सांगतात, कारण त्यांचं स्टिअरिंग डावीकडे आणि मास्टर सिलिंडरही डावीकडे. आपल्याकडे तो सहसा उजवीकडे असतो, त्यामुळे सर्वांत लांबचं चाक मागचं डावं. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच खरा. क्रम चुकला म्हणून पेडल मऊ राहिलं असं क्वचितच घडतं, पण निदान क्रम पाळताना कुठल्या देशाची गाडी समोर आहे हे तरी बघावं.

व्हॅक्यूम पंप लावून हवा ओढणाऱ्यांची एक फसगत ठरलेली. निपल सोडलं की त्याच्या आट्यांभोवतून बाहेरचीच हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे अखंड येत राहतात. ओळीतली हवा कधीच संपलेली असते, माणूस मात्र बाटलीमागून बाटली ओततो. शेवटचे चार दाब पायानेच घ्यावेत. आणि बाटली हलवून, फेसाळलेलं ऑइल ओतू नये. त्यातले बारीक बुडबुडे डोळ्यांना दिसत नाहीत, पायाला लागतात. बाटली उघडण्याआधी अर्धा तास स्वस्थ उभी असावी.

मास्टर सिलिंडर नवा असेल तर तो गाडीवर चढवण्याआधी बाकावर व्हाइसमध्ये आडवा धरून, त्याच्या तोंडांना छोट्या नळ्या लावून त्या त्याच्याच टाकीत सोडायच्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू दाबत राहायचं. ही पायरी गाळली तर त्यातली हवा चारही चाकांच्या निपलांतून काढणं म्हणजे तळमजल्यावरून गच्ची झाडण्यासारखं. बूस्टरची दांडी आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यातलं अंतरही तेव्हाच मोजावं. ते जास्त असेल तर पेडलचा पहिला टप्पा पोकळ जातो. ते मुळीच नसेल तर ऑइल टाकीत परत जायचं छिद्र झाकलेलं राहतं आणि ब्रेक आपोआप आवळत जातात. दुसरा दोष जास्त वाईट.

एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या, गाडीत आणखी एक कोपरा आहे. काम चालू असताना ओळी रात्रभर उघड्या राहिल्या किंवा टाकी रिकामी झाली तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरू शकते. तिथले काही व्हॉल्व्ह नेहमीच्या पंपिंगला उघडतच नाहीत. स्कॅनर लावून युनिटची मोटर आणि व्हॉल्व्ह चालवत हवा काढावी लागते. म्हणून जुना कॅलिपर सोडताना होजचं तोंड लगेच रबरी बूच लावून बंद करावं. दोन रुपयांचं बूच स्कॅनरवाल्याकडचा हेलपाटा वाचवतं.

इतकं करूनही पेडल लवतंय, तर दोष कुठल्या चाकाकडे आहे हे अंदाजाने ठरवू नये. रबरी होज असतील तर गुळगुळीत जबड्यांचे होज क्लॅम्प मिळतात, ते चारही होजना लावायचे. आता पेडल उंच आणि टणक लागलं तर मास्टर सिलिंडर निर्दोष. मग एकेक क्लॅम्प सोडत जायचं. ज्या चाकाचा क्लॅम्प सोडल्यावर पेडल खाली गेलं, गुन्हेगार त्या चाकावर. चारही क्लॅम्प लावूनही पेडल मऊच असेल तर पुढे बघायचं, मास्टर सिलिंडरकडे किंवा एबीएसकडे. साधा पक्कड-पाना होजवर आवळू नये, आतलं रबर फाटतं. आणि स्टीलच्या जाळीच्या होजना तर क्लॅम्प लावायचाच नाही. तिथे मास्टर सिलिंडरच्या तोंडांना योग्य आट्यांची बुचं लावून तीच परीक्षा घ्यावी लागते. ही पंधरा मिनिटांची तपासणी सोडून तीन दिवस हवा काढत बसणारी गॅरेजं कमी नाहीत.

आता लांब पेडलकडे, कारण अपग्रेडनंतर याचंही प्रमाण मोठं असतं आणि याच्यावरच सर्वांत जास्त ऑइल वाया जातं. पुढचे ब्रेक बदलले की सगळ्यांचं लक्ष पुढे, आणि मागचे ड्रम कित्येक वर्षं उघडलेले नसतात. मागच्या व्हील सिलिंडरचा बोअर १९ मिमी धरा. दोन्ही मागच्या चाकांचे मिळून चार पिस्टन एकेक मिमी जास्त सरकत असतील तर तेवढ्यानेच पेडल साडेतेरा मिमी खाली जातं. परीक्षा सोपी आहे. हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढा आणि पेडल दाबा. ते स्पष्ट वर आलं तर मागचे शू सैल आहेत. ड्रममधलं दातेरी चाक फिरवत शू इतके बाहेर आणायचे की चाक अडेल, मग एकेक दात मागे घेत ते हाताने फिरेपर्यंत सोडायचं. हलकं घासल्याचा आवाज आला तरी चालतो.

मागेही डिस्क बसवल्या असतील आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर तिथला एक सापळा फार कमी जणांना दिसतो. त्या पिस्टनच्या आत झीज भरून काढणारी स्क्रूची यंत्रणा असते. तिला काम करायला कॅलिपरवरचा हँडब्रेकचा दांडा पूर्णपणे मागे, त्याच्या टेकूपर्यंत यावा लागतो. केबल आधीच ताणून ठेवली तर दांडा मध्येच लटकतो, यंत्रणा जागची हलत नाही आणि पॅड डिस्कपासून लांबच राहतो. म्हणून आधी केबल पूर्ण ढिली करायची, पेडल पुन्हा पुन्हा दाबून पॅड जागेवर आणायचे, आणि सगळ्यात शेवटी केबल आवळायची. हँडब्रेक सैल लागतो म्हणून केबल आवळणारा माणूस स्वतःच पायाखालचं पेडल खाली ढकलत असतो.

फट पुढच्या डिस्कवरही पडते. हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक जिथे बसतात त्या भागावर, गंजाचा पापुद्रा राहिला आणि त्यावर नवी डिस्क ठेवली तर ती किंचित तिरकी फिरते. हबवरची ती कसर अगदी पातळ असली तरी डिस्कच्या बाहेरच्या कडेला वाढलेली दिसते, आणि दर फेरीला ती पॅडना मागे लोटत राहते. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ, लावून मोजावं. बहुतेक गाड्यांत ०.०५ ते ०.१ मिमीच्या पुढे गेलं तर डिस्क उतरवून हब वायर ब्रशने घासावा. व्हील बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तरी हेच होतं. याची खूण वेगळी आहे: सरळ रस्त्यावर पेडल ठीक, वळणं किंवा खड्डे गेल्यावर पहिला दाब खोल, दुसरा ठीक. दोन्ही पुढचे ५४ मिमी पिस्टन ०.३ मिमी मागे ढकलले गेले तर पेडल सोळा मिमी खाली जातं. असा पहिला दाब खोल गेला की माणूस घाबरून लगेच दुसऱ्यांदा मारतो, पेडल वर येतं, आणि ‘कधीकधी होतं असं’ म्हणून विषय सोडला जातो. सोडू नये.

लवचिक पेडलची न हवेची कारणंही बघायला हवीत. सरकत्या कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील, किंवा नव्या ब्रॅकेटमुळे कॅलिपर डिस्कला काटकोनात बसला नसेल, तर तो सरकण्याऐवजी वाकतो. पॅड एका बाजूने आधी टेकतो, मग त्याची पाठ वाकून दुसरी बाजू टेकते, आणि तेवढं पायाला लवतं. पॅडच्या मागे एकावर एक चढवलेले आवाज-रोधक पत्रे हाही एक स्पंजच. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावावं. बेअरिंगचं साधं ग्रीस रबर फुगवतं. शिवाय नव्या डिस्कवर नवे पॅड पहिले काही किलोमीटर सर्व पृष्ठभागाने टेकत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नये, आणि मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून गार होऊ द्यावं. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

बसणाऱ्या पेडलची गोष्ट वेगळी, आणि जरा अन्यायाचीही. गाडी दहा वर्षांची, मास्टर सिलिंडर मूळचा. रोजच्या वापरात त्याचा पिस्टन बोअरच्या पहिल्या भागातच मागेपुढे होतो. पुढच्या न वापरलेल्या भागात गंज, गाळ, खरखर. हवा काढताना आतला माणूस पेडल थेट जमिनीला टेकवतो, रबरी सील पहिल्यांदाच त्या खरखरीत भागावरून फिरतं आणि त्याची कड फाटते. काल ब्रेक बरा होता, आज हवा काढल्यावर बसायला लागला. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही बिघडवलं. गॅरेजवाला म्हणतो, आधीचाच होता. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, पाय अर्ध्यावर अडला, की हे टळतं. आणि पेडल बसत असेल, चाकांच्या आत, होजच्या जोडांवर, बूस्टर आणि मास्टर सिलिंडरच्या सांध्यात कुठेच ओल नसेल, तर ऑइल सीलवरून आतल्या आत परत जातंय. किट बदलून भागवण्यापेक्षा आख्खा मास्टर सिलिंडर बदलावा. गंजलेल्या बोअरमध्ये नवं सीलही फार दिवस टिकत नाही.

रात्रभर पेडल काठीने दाबून ठेवायचा तोडगा पुष्कळ मेकॅनिक करतात आणि कधी कधी त्याने गुणही येतो. बारीक बुडबुडे दाबाखाली ऑइलमध्ये विरतात. करायचाच तर ब्रेक लाइटचा फ्यूज काढून करा, नाहीतर सकाळी पेडल टणक आणि बॅटरी मऊ. पण दोन दिवसांत पेडल पुन्हा खाली आलं तर हवा नव्याने शिरत असावी. बँजो बोल्टचे, म्हणजे होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वॉशर तपासा. प्रत्येक जोडाला दोन लागतात, होजच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि तेही दर वेळी नवेच.

घाटातला मऊपणा ऑइलचा असतो. डॉट ३ दर्जाचं ऑइल कोरडं, म्हणजे पाणी न शोषलेलं, असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातल्या चार महिन्यांत हवेला ओलाव्याची कमतरता नसते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला किंवा भोरहून वरंध्याने महाडला उतरताना सारखा ब्रेकवर पाय राहिला की कॅलिपरमधलं पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. गाडी गार झाली की पेडल पुन्हा जागेवर, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. पेडल टणकच आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर ते पॅड तापल्याचं लक्षण, त्याला ऑइल बदलून काही होणार नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं, उतारावर खालचा गिअर ठेवावा. डॉट ५ मात्र ५.१ चा भाऊ समजून आणू नका. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही, त्यात हवेचे बारीक बुडबुडे सहज राहतात, आणि पेडल कायमचं जरा मऊच लागतं.

जुन्या जीपला पुढे डिस्क बसवण्याचा छंद महाराष्ट्रात भरपूर आहे, आणि तिथे हे सगळं शास्त्र एका पायरीने पालटतं. सीजे-३बीसारख्या जीपचा मास्टर सिलिंडर पायाखाली, फरशीच्याही खाली असतो. कॅलिपर त्याच्यापेक्षा वर. गाडी उभी राहिली की ऑइल आपल्या वजनाने कॅलिपरमधून परत खाली ओघळतं, पॅड सैल पडतात, आणि सकाळचा पहिला ब्रेक थेट फरशीला. इथे ओळीत २ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) रेसिड्युअल व्हॉल्व्ह लावावा लागतो, तो तेवढाच दाब अडकवून ठेवतो. पण जुन्या ड्रमवाल्या मास्टर सिलिंडरच्या तोंडात आधीच ड्रमसाठीचा, सुमारे १० पीएसआयचा व्हॉल्व्ह बसलेला असतो. तो काढला नाही तर डिस्क कायम घासत राहतात आणि चाक हात लावता येणार नाही इतकं तापतं. दोन्ही टोकांची चूक एकाच जीपवर, आधी एक आणि मग दुसरी, होताना दिसते. शिवाय ड्रमचे शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळले जातात, डिस्कला ही फुकटची मदत नाही. म्हणून बूस्टर नसलेल्या जीपला डिस्क लावल्या आणि सगळं बरोबर बसलं, तर पेडल कडकच लागतं. तरी मऊ लागलं तर व्हॉल्व्हकडे बघा.

काम संपलं की गाडी लगेच रस्त्यावर काढू नये. इंजिन चालू करून पेडल पूर्ण जोराने तीस सेकंद दाबून धरा, प्रत्येक बँजो आणि निपलभोवती कोरडा टिश्यू फिरवा. मग मोकळ्या, सपाट जागेत ताशी दहाच्या वेगाने, एक हात हँडब्रेकवर ठेवून चार वेळा थांबा. पन्नास किलोमीटरनंतर टाकीतली पातळी पुन्हा बघा आणि टिश्यू पुन्हा फिरवा. ऑइल रंगावर सांडलं असेल तर पुसत बसू नका, आधी पाणी ओता, नाहीतर बोनेटवर तेवढा डाग कायमचा राहील. आणि पुढच्या वेळी जुना कॅलिपर सोडायच्या आधी, गाडी अजून शाबूत असतानाच, स्टिअरिंगपासून पेडलपर्यंत टेप लावून दोन आकडे लिहून ठेवा: पेडल मोकळं असतानाचा आणि दाबून टणक लागल्यानंतरचा.